सॅटरांचा सूड, मुक्काम लालबाग

रविवार, १२ जानेवारी २०२५. संध्याकाळी ७.४०

आज मला काढलं.

नवी वही सुरू. जुनी अजून अर्धी कोरी आहे, पण सुडासाठी वेगळी वही असावी. आधी पार्श्वभूमी नोंदवतो. अठरा वर्षं ऑफिसात कंप्लायन्स, म्हणजे नियमपालन, बघतोय, पार्श्वभूमीशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

दर रविवारी दुपारी तीनला आम्ही फणसवाडीत मेघनाच्या घरी जमतो. मी, मेघना, राजरत्न आणि दोन वर्षांपासून विक्रांत. फाशांचा खेळ. एक जण सूत्रधार होतो, काल्पनिक जगाची गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, काय करणार ते सांगतात, फासे टाकतात. ते जग मी बनवलेलं आहे. त्यातलं मुख्य ठिकाण वेळुवन, आणि वेळुवनात राहतात सॅटर. कमरेच्या वर माणूस, कमरेखाली बोकड. त्यांचा स्वभाव, लग्नं, जेवणं, शिव्या, बासऱ्या, सगळ्यावर मी सहा वर्षांपूर्वी 'सॅटरसंहिता' लिहिली. १४३ पानं, स्पायरल बाइंडिंग. तेव्हाच्या प्रत्येक खेळाडूला प्रत दिली. मेघनाचं टेबल डुगडुगतं म्हणून तिची प्रत टेबलाच्या एका पायाखाली असते. म्हणजे सहा वर्षं हा खेळ माझ्या ग्रंथावरच उभा आहे.

आज गेलो तर सूत्रधाराच्या वेताच्या खुर्चीत विक्रांत. मेघना म्हणाली, जरा बदल करून बघू या ना. राजरत्न म्हणाला, भाई, तू बासरीची भोकं सांगायला सव्वातीनला सुरुवात केलीस ते पावणेपाचला थांबलास, आणि माझा माणूस नोव्हेंबरपासून त्या पुलावर उभाय, पुढे जाऊ की नको. मग मतदान झालं. तीन विरुद्ध एक.

मी स्टुलावर बसलो. मोठ्या मनाने. येताना त्यांना तसं तीनदा सांगितलंही.

मंगळवार, १४ जानेवारी

विक्रांत जाहिरातीत आहे, परळला आमच्या ऑफिससमोरच्या टॉवरमध्ये. लंचला खाली भेटला. सोलापूरहून आईने पाठवलेल्या तिळाच्या वड्या घेऊन खास रस्ता ओलांडून आला.

तिळगूळ घेतला. गोड बोललो नाही.

वड्या चांगल्या होत्या. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

रविवार, १९ जानेवारी. संध्याकाळी ८

पहाटे वेळुवन जळालं.

एवढंच म्हणाला. तीन शब्द. मी मोजले. सहा वर्षांचं जंगल, त्यातल्या अकरा जातींचे वेळू, दगडांची पंचायत, म्हाताऱ्या सॅटरांची गुहा, सगळं तीन शब्दांत. फासेसुद्धा टाकले नाहीत.

आणि मेघना पुढे सरकून बसली. आग कुणी लावली, तिने विचारलं. राजरत्न म्हणाला, मी पुलावरून उडी मारतो. तीन तास खेळले. दुसऱ्यांदा चहा झाला. माझ्या काळात दुसऱ्यांदा चहा कधी झाला नाही.

जाळून झाल्यावर विक्रांतने माझ्याकडे बघितलं आणि हसला. शाबासकी मागावी तसा. निर्लज्जपणाला काही सीमा? मला रडू येईल असं वाटलं म्हणून खोकलो. मेघनाने पाणी आणून दिलं. त्या पाण्याचंही मी लक्षात ठेवणार आहे.

सोमवार, २० जानेवारी. सकाळी ६.१५

झोप नीट झाली. सुडाने माणूस ताजातवाना होतो.

संहिता, पान ८८. सॅटर अपमान विसरत नाही. प्रत्येक अपमानाची तो दाढीला एक गाठ मारतो. सात गाठी झाल्या की सूड घेतो, आणि सूड झाल्यावरच गाठी सोडतो. हे मी लिहिलं तेव्हा फार कोवळ्या मनाचा होतो, पण लिहिलं बरोबर.

वेळुवन जळालं ती गाठ एक. आजपासून दाढी करणार नाही. अंबिकाला सांगितलं. तिने डब्यात भाजी भरता भरता विचारलं की किती दिवस, बावीस फेब्रुवारीला तिच्या मावसबहिणीचं लग्न आहे. म्हटलं, वेळुवनाचा निकाल लागेपर्यंत. ती म्हणाली, कुठल्या कोर्टात आहे.

बायको आहे, पण सॅटरांच्या प्रश्नावर तिची साथ नाही. ही गाठ धरत नाही. घरच्यांना सूट.

रविवार, २६ जानेवारी. संध्याकाळी ५.३०

बहिष्कार. फणसवाडीला गेलो नाही. माझ्याविना खेळ कसा चालतो ते त्यांना कळू दे.

तीन वाजल्यापासून फोन हातात. चार वाजता चार्जिंगला लावला तोही हातातच. पाच वाजता मेसेज आला. विक्रांतचा. कुठे आहेस, टेबल रिकामं वाटतंय.

माझ्या गैरहजेरीची त्याने नोंद घेतली, म्हणजे डिवचायलाच. गाठ क्रमांक दोन. दाढी अजून गाठीएवढी झालेली नाही, तूर्त गाठी वहीत.

मेघना आणि राजरत्न यांच्याकडून काही नाही. खूप लागलं असणार त्यांना.

रविवार, २ फेब्रुवारी

नवा बेत, आणि अतिशय धूर्त. आतून वार करायचा. पात्र म्हणून खेळात शिरायचं. माझं पात्र करडा, वेळुवनाच्या आगीतून वाचलेला एकमेव सॅटर. उद्देश एकच, ज्याने जंगल जाळलं त्याचा माग काढून सूड.

विक्रांतने ऐकलं आणि टाळी वाजवली. म्हणाला, मी ह्याचीच वाट बघत होतो रे.

बेताला विरोधच झाला नाही तर सूड घ्यायचा कुणावर? गाठ तीन.

टेबल गेल्या वेळेपासूनच डुगडुगतंय, आज तर भयंकर. खाली वाकून बघितलं तर पायाखालची माझी संहिता गायब. मेघनाला विचारलं तर ती म्हणाली, कुणीतरी नेली बहुतेक. कोण नेणार? रद्दीवाला. म्हणजे आता माझ्या ग्रंथाला टेबलाखालीसुद्धा जागा नाही. गाठ चार.

करड्याचा पहिला हल्ला. फासा कलंडत्या टेबलावरून घरंगळला तो थेट कपाटाखाली. राजरत्नने टॉर्च मारून बघितलं. एक. म्हणजे करडा स्वतःच्या खुरात अडकून पडला. दोष टेबलाचा आहे, पण तसं नोंदवून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी ४.१५

आज समांतर टेबल सुरू केलं. लालबागला, आमच्याच घरात. एकदा इकडची कीर्ती पसरली की फणसवाडी ओस पडणार.

खेळाडू दोन. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीतून निवृत्त, वय एकोणऐंशी. आणि शेजारच्या बेबीमावशी. मी सूत्रधार. सहा वर्षांचा अनुभव ओतला. सॅटरांच्या शिंगांवर दर वर्षी एक वळं कसं चढतं ते सांगत होतो, तर बेबीमावशींनी विचारलं की हे लोक मटण खातात की नाही, कारण अर्धे तेच आहेत. प्रश्न सखोल आहे. संहितेत उत्तर नाही. मी विषय बदलला.

मग ड्रॅगन आणला. याच्याशी किमान तीन रविवार झुंज अपेक्षित होती. अण्णा पुढे झाले आणि ड्रॅगनला म्हणाले, बाबा, तुझो गाव खयचो? मग त्याला नारळ ठेवला आणि आमका वाट सोड म्हणून विनवलं. फासे टाकले. दोघांचेही सहा. ड्रॅगनने वाट सोडली. एकूण खेळ अकरा मिनिटं.

दोघं बेहद्द खूश. पुढच्या रविवारी परत खेळूया म्हणाले. अण्णा म्हणाले, फकत तू मदी मदी बोला नको.

समांतर टेबल बरखास्त.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गाठी आता खऱ्या. अंबिकाच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन हनुवटीखाली चार झुबके बांधले. ऑफिसात एचआरच्या बाईंनी बोलावून विचारलं, नवस आहे का. म्हटलं, एका अर्थी. त्यांनी फॉर्ममध्ये 'धार्मिक' असं लिहून परवानगी दिली. पहिल्यांदाच एखाद्या खात्याने मला समजून घेतलं.

घरी आल्यावर अण्णांची नजर दाढीवर गेली. मेल्या, दाढीक गाठी कित्याक मारतंस, असं विचारलं. मी सगळी हकिकत सांगितली. जंगल, तीन शब्द, खुर्ची, सगळं. पाऊण तास. शेवटी ते म्हणाले, तुका राग जंगलाचो इलो काय खुर्चयेचो?

अण्णांना फँटसीतलं कळत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

सापडलं. लेखणी हेच माझं शस्त्र. संहितेला नवं प्रकरण जोडलं, 'बहिष्कृत सॅटर', आणि आत्ताच पीडीएफ ग्रुपवर टाकली. हुबेहूब विक्रांत उतरवलाय, नाव न घेता. ठळक भाग इथे उतरवून ठेवतो, कारण छान जमलाय:

'हा सॅटर दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. बोलायला लागला की ऊन सावलीत जातं. स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसतो. पंगतीत चिवड्यातले काजू वेचून खातो. ज्या दगडावर एकदा बसला तो दगड आपल्याच नावावर आहे असं समजतो. कळपाला तो नकोसा होतो, पण तसं त्याला सांगणार कोण?'

वाचून तोंड काळं पडेल त्याचं.

सकाळी ६.११. राजरत्नचा अंगठा आला. एका मिनिटात बावीस पानं वाचली. ओढ आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

खेळ नव्हता, मेघना गावाला. दुपारी तिचा फोन आला. आवाज भरून आलेला. म्हणाली, हितेंद्र, स्वतःबद्दल इतकं प्रामाणिकपणे लिहायला धाडस लागतं. मला वाटलंच नव्हतं तुला हे सगळं माहीत असेल. आईलासुद्धा वाचून दाखवलं, ती म्हणाली, अगं हा तर तो काजू वेचणारा मुलगा.

मी म्हटलं, तुम्ही नीट वाचलं नाही. ती म्हणाली, नाही रे, दोनदा वाचलं, आणि आम्हाला तू नकोसा वगैरे नाहीयेस, ते वाक्य मात्र काढ.

मेघना आर्किटेक्ट आहे. नकाशे वाचता येतात, साहित्य नाही. गाठ पाच. तिच्या आईची वेगळी, सहा.

लग्नाला काल गाठींसकट गेलो होतो. फोटोत अंबिका माझ्यापासून दोन माणसं सोडून उभी आहे.

शनिवार, १ मार्च

धक्कादायक. संध्याकाळी बाजारातून परत आलो तर अण्णा खिडकीपाशी खुशीत. म्हणाले, तुझो मित्र इल्लो, सोलापूरचो. दोन तास बसलो. बरो झील आसा.

विक्रांत. माझ्या घरात. मी नसताना. अण्णांनी त्याला गिरणी सांगितली, गावचा शिमगा सांगितला, आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं कसं घालतात ते सांगितलं. तो मधे एकदाही बोललो नाय, अण्णा म्हणाले, नुसतो आयकत होतो. वर त्याला आमच्या बिल्डिंगच्या होळीचं आमंत्रणसुद्धा देऊन मोकळे.

शत्रू हेरगिरीवर उतरला आहे. त्याच्या पिशवीत एक जाडसर स्पायरल वही होती असंही अण्णा म्हणाले. ऑफिसचं काम असणार. जाहिरातवाले शनिवारीसुद्धा राबतात.

गाठ सात.

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७

आज गॅलरीत अण्णा होळीच्या गाऱ्हाण्याची तयारी करत होते. आमच्या बिल्डिंगीत निम्मे लोक मालवणकडचे. होळी पेटण्याआधी अण्णा देवाला हाक मारतात, एकेक वाक्य बोलतात, आणि प्रत्येक वाक्याला सगळे जण एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी चार वर्षांचा असल्यापासून म्हणतोय. त्यात ठरवायचं काही नसतं, तोंडातून जातंच.

आणि मला एकदम सुचलं. चहा सांडला. हाच सूड.

संहिता, नवीन कलम ९४. सॅटरांचं गाऱ्हाणं. कळपातला कुणीही म्हाताऱ्या वेळूपुढे गाऱ्हाणं घालू शकतो. प्रत्येक वाक्यानंतर ऐकणारे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जो म्हणेल त्याच्यावर ते वाक्य बंधनकारक. मागे घेता येणार नाही. सूत्रधारासह सर्वांना लागू.

म्हणजे रविवारी मी गाऱ्हाणं घालणार, सूत्रधाराने खुर्ची सोडावी म्हाराजा, बाकीचे भक्तिभावाने व्हय म्हणणार, त्यांच्याबरोबर विक्रांतही वाहवत म्हणणार, आणि संपला. सोलापूरच्या माणसाला यातलं काय कळतंय.

अण्णांना दोन टिप्स विचारल्या. ते म्हणाले, वाक्य ल्हान ठेव. गाऱ्हाण्यात दुसऱ्याक बोलाक जागा ठेवूक व्हयी, नायतर ता गाऱ्हाणा नाय, भाषण.

हे ठीक आहे, पण माझा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ८

होळी. विक्रांत आला. पुरणपोळीचा डबा घेऊन आला, अण्णांच्या पाया पडला, बेबीमावशींच्याही. मी ज्वाळेच्या पलीकडे उभा राहिलो आणि त्याच्याकडे धुरातून बघत राहिलो. धूर माझ्याच बाजूला येत होता.

अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. पोराबाळांक सुखी ठेव म्हाराजा, व्हय म्हाराजा. म्हाताऱ्यांचे गुडघे बरे कर म्हाराजा, व्हय म्हाराजा. आणि विक्रांतही म्हणत होता. दर वेळी अर्ध्या सेकंदाने उशिरा, पण म्हणत होता. मला आनंदाने घाम फुटला.

मधेच सेक्रेटरींनी अण्णांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि अण्णा म्हणाले, तिसऱ्या माळ्यार प्यासेजमदी कोणी चपलांचा कपाट ठेवलेला आसा, ता त्येना उद्या सकाळी आत घेवचा म्हाराजा. व्हय म्हाराजा.

कपाट आमचं आहे. दोन वर्षं मी सोसायटीला दाद दिलेली नाही, सव्वीस पत्रं लिहिली आहेत. आणि सगळ्यात मोठ्याने व्हय म्हणालो तो मीच, असं अंबिका म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च

कपाट आत घेतलं. देवाला शब्द गेलाय.

पण यातून मोलाची माहिती मिळाली. शस्त्र चालतं. माझ्यासारख्यावर चाललं म्हणजे कुणावरही चालेल.

रविवार, १६ मार्च. दुपारी १.३०

निघतोय. सातही गाठी पक्क्या. गाऱ्हाणं पाठ. आज वेताच्या खुर्चीत बसूनच चहा घेणार.

अंबिका म्हणाली, संध्याकाळी लवकर ये. डोळे पाणावल्यासारखे वाटले. कांदा चिरत होती.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ७.१५

जसं घडलं तसं लिहितो.

खेळाच्या सुरुवातीलाच कलम ९४ वाचून दाखवलं. सूत्रधारासह सर्वांना लागू, यावर विशेष जोर दिला. विक्रांतने ताबडतोब मान्य केलं. म्हणाला, फार सुंदर कलम आहे.

मी उभा राहिलो. हात जोडले. सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ज्या अर्थी वेळुवनाची स्थापना, पालनपोषण आणि त्यातील अकरा प्रकारच्या वेळूंची जोपासना ही सर्वस्वी, आणि ज्या अर्थी दिनांक बारा जानेवारी रोजी, असं पुढे. मला अभिमान आहे की संपूर्ण गाऱ्हाणं एकाच वाक्यात बसलं होतं. मेघनाने चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. राजरत्नने दोनदा विचारलं, आता? विक्रांत अगदी तयारीत पुढे झुकून बसला होता, पण म्हणायला जागा मिळेना. नऊ मिनिटांनी मला ठसका लागला, आणि तो 'म्हाराजा'च्या आधी लागला.

कुणीच व्हय म्हणालं नाही. कुठे म्हणायचं तेच कळलं नाही म्हणाले.

मग विक्रांतने विचारलं, मी घालू का? कलमाप्रमाणे कुणीही घालू शकतो. मी खोकत होतो, मान हलली. तो वेताच्या खुर्चीतून उठला. हात जोडले. डोळे मिटले. आवाज अण्णांचा. म्हणजे त्याचाच, पण चाल, थांबणं, श्वास, सगळं अण्णांचं.

बा देवा म्हाराजा, वेळुवनाच्या राजा म्हाराजा, म्हणाला आणि थांबला. व्हय म्हाराजा.

हो हितेंद्र आमचो गडी. हेना सहा वर्सां तुझा रान राखल्यान, एकट्यान राखल्यान म्हाराजा. व्हय म्हाराजा.

ता रान मी जाळलंय. पण हेच्याच पुस्तकात, एकसष्टाव्या पानार सांगलेला आहे, म्हणान जाळलंय म्हाराजा. व्हय म्हाराजा. ('आहे' नाही, 'आसा' हवं होतं. मनात नोंद केली.)

हेच्या मनात जो काय राग आसा, जो काय वाकडो इचार आसा, तो आजपासून जावंदे म्हाराजा. व्हय म्हाराजा.

आमी टेबलार बसलो काय हेना आमकाय बोलाक देवचा म्हाराजा. व्हय म्हाराजा.

आणि दाढीचे गाठी सोडूचे, असो हेच्या बायलेन निरोप धाडल्यान आसा म्हाराजा. व्हय म्हाराजा.

तिघंही माझ्याकडे बघत होते. मला शेवटपर्यंत वाटत होतं की मी मनातल्या मनात म्हणतोय. राजरत्न म्हणाला, भाई, आम्ही म्हणतच नव्हतो, तूच म्हणत होतास. सहाच्या सहा.

कलम ९४. जो म्हणेल त्याच्यावर बंधनकारक. मागे घेता येणार नाही. पळवाट नाही. मसुदा मीच केलाय, पळवाट कशी राहील.

विक्रांत खुर्चीत बसला आणि म्हणाला, जळालेल्या वेळुवनात आज कोवळे कोंब फुटलेत. करडा तिथे उभा आहे. करड्या, नव्या वेळूची बासरी कशी करतात?

माझ्याकडे उत्तर होतं. किमान चाळीस मिनिटांचं. तोंड उघडलं, आणि कलम आठवलं. राजरत्नला विचारलं, तू काय करतोस? तो जरा लाजला. म्हणाला, पुलावरून उतरल्यापासून माझ्या माणसाला बासरी शिकायचीच आहे, पण कधी विचारायला फटच मिळाली नाही, पहिलं भोक कुठे पाडायचं रे?

सहा वर्षांत त्याने सॅटरांबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. मी एका वाक्यात सांगितलं. घसा दुखतोय.

दुसऱ्यांदा चहा झाला. तिसऱ्यांदाही.

निघताना विक्रांतने पिशवीतून स्पायरल वही काढून दिली. मेघनाच्या टेबलाखालची माझी संहिता. जानेवारीत खेळ त्याच्याकडे गेल्यावर वाचायला नेली होती म्हणाला, ठेवून घेतली म्हणून सॉरी.

सोमवार, १७ मार्च. सकाळी ७

दाढी काढली. लाल दोरे बेसिनमध्ये पडले. अंबिकाने ते उचलले, चहात आलं जास्त घातलं.

मग संहिता उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिलीच्या खुणा. जिथे मजा आली तिथे 'हाहा', जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. पान ३० वर, म्हाताऱ्या सॅटराच्या मरणापाशी, 'इथे थांबलो'. सहा वर्षांपूर्वी मेघना आणि राजरत्नला प्रती दिल्या. त्यांनी कुठपर्यंत वाचलं ते मी कधी विचारलं नव्हतं.

पान ६१. 'वेळुवन दर सहा वर्षांनी जाळावं. जळाल्याशिवाय वेळूला नवा कोंब फुटत नाही, आणि जुन्या वेळूच्या बासरीत सॅटरला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो. जाळायचं काम रानाच्या राखणदाराने करू नये, त्याला जमणार नाही. कळपातल्या दुसऱ्या कुणी करावं.'

समासात पेन्सिलीने: '१९ जाने. सहा वर्षं पूर्ण. हितेंद्रला सरप्राइज.'

हे मी लिहिलंय. कधी लिहिलं ते आठवत नाही. पण पानाखालची सही माझीच आहे.

कायद्याप्रमाणे जंगल जाळायला ज्याने सांगितलं त्याच्या नावाची एक गाठ मारायला हवी. हनुवटीवर हात फिरवला. गुळगुळीत.

सकाळी ७.४०. मेघनाचा ग्रुपवर मेसेज. टेबल फार डुगडुगतंय, येत्या रविवारी कुणीतरी काहीतरी आणा.

मी आणतो म्हणून कळवलं. संहिताच नेणार, त्या पायाला तिचीच जाडी बरोबर बसते. एकसष्टावं पान तेवढं सोडवून घेतलं. ते पाकिटात ठेवलंय.